साडेबावन्न तोळ्यांचे मुन्शीजी

बकरी ईद आठ दिवसांवर आली की उमापुरात आमच्या दुकानाचा तराजू गायब व्हायचा. तो मुन्शीजी न्यायचे. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही. वडील तराजू हातात देताना दरवर्षी विचारायचे, "चांदीच मोजणार ना?" आणि मुन्शीजी दरवर्षी छातीवर हात ठेवायचे, "चांदीशिवाय पारड्यात काय पडलं तर तराजू तुमचा आन मान माझी."

मुन्शीजी म्हणजे सोसायटीचे निवृत्त गटसचिव. उभा जन्म हा सभासद पात्र, तो अपात्र करण्यात गेला. ती खोड निवृत्त झाल्यावर जाते कुठं? सोसायटी सुटली तशी त्यांनी कुर्बानी धरली. कुणावर कुर्बानी वाजिब, म्हणजे करणं बंधनकारक आहे आणि कुणावर नाही, हे ते घरोघर जाऊन ठरवायचे. हे काम त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. मौलाना मात्र खूश होते, कारण लोकांचा राग परस्पर मुन्शीजींवर निघायचा.

ऐकून ऐकून अटी मलाही पाठ झाल्या. माणूस मुसलमान पाहिजे, वयात आलेला, डोक्यानं शाबूत, मुक्कामाला असलेला आणि गरजा भागून साडेबावन्न तोळे चांदीइतकी पुंजी उरलेला. अठ्ठेचाळीस मैलांपुढं प्रवासाला गेलेल्याला माफी. सोसायटीच्या जुन्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी हे रकाने आखले होते. एकदा गिऱ्हाईक नव्हतं, तर माझाच अर्ज भरला. "वय हाय, पुंजी हाय, मुक्काम हाय. डोक्याचं आपण धकवून घेऊ. पण शिवाप्पा, तुमी पहिल्याच अटीत गेलात." हे त्यांनी खरंच हळहळून सांगितलं.

वाळूवाला गफूर ईद आली की गरीब व्हायचा. माझे ट्रॅक्टर म्हणजे रोजीची हत्यारं, ती पुंजीत धरत नाहीत, असा त्याचा मुद्दा. मुन्शीजींनी भर चौकात त्याला एक ट्रॅक्टर माफ केला, दुसराही केला आणि मग बीडच्या रिकाम्या प्लॉटवर काय रोजी पिकते, ते विचारलं. गफूरनं त्या वर्षी दोन बोकड कापले, पण मुन्शीजींना सलाम करायचं सोडलं.

गंमत अशी की सगळ्या गावाला पात्र ठरवणारा हा माणूस स्वतः पहिल्यापासून अपात्र. पुंजी होती ती त्यांच्या बायकोची, हमीदाचाचींची. माहेरची चांदी, साठ तोळ्यांवर भरायची. त्यामुळं त्या घरची कुर्बानी चाचींच्या नावानं व्हायची. मुन्शीजी हे अभिमानानं सांगायचे, "पात्र बेगमसायबा हायेत. आपण फकस्त दोर धरणार."

मग सलग तिसरा दुष्काळ पडला. गावाबाहेर चारा छावणी लागली आणि नोंदवही साहजिकच मुन्शीजींकडं आली. त्यांच्या शेजारच्या खातूनबीनं आपलं बकरं छावणीत आणलं, तर यांनी छावणी मोठ्या जनावरांची आहे म्हणून परत पाठवलं. संध्याकाळी मात्र स्वतः बाभळीच्या शेंगा झोडपून तिच्या दारात टाकल्या. विचारलं तर म्हणाले, शेंगा नियमात येत नाहीत.

ते बकरं हाच खरा भांडणाचा विषय होता. खातूनबी विधवा, शिवणकामावर जगणारी. तिच्यावर वाजिब नाही, असं मुन्शीजींनी तिला आधीच बजावलं होतं. त्या साली अर्ध्या मोहल्ल्याला ते हेच सांगत हिंडत होते, की वाजिब न्हाई तर न्हाई, यात शरम कशाची? पण ती बाई त्यांचं ऐकते होय? कुर्बानीची नियत, म्हणजे संकल्प करून बाजारातून बकरं घेऊन मोकळी झाली. मुन्शीजी तणतणत दुकानात आले. गरिबानं नियत करून जनावर विकत घेतलं की ते त्याच्यावर वाजिब होतं, म्हणजे आता बाईला मागं फिरता येत नाही, म्हणाले. तराजू न्यायचं नावही काढलं नाही. मी समजलो, दुष्काळात मोजायला चांदी उरलीय कुणाकडं.

ईदच्या आदल्या दिवशी ते सोलापूरला भाच्याकडं गेल्याचं कळलं. ईदच्या दुपारी मी मालासाठी जीप घेऊन गेवराईला गेलो, तर एसटी स्टँडच्या बाकावर मुन्शीजी. इस्त्रीचा कुर्ता, मांडीवर पिशवी.

मला बघून ते दचकलेच. मी शेजारी बसलो आणि चेष्टेनं म्हणालो, "मुन्शीजी, गेवराई काय अठ्ठेचाळीस मैल भरत न्हाई."

ते हसले नाहीत. पिशवीचे बंद आवळत म्हणाले, "चांदी गेली शिवाप्पा. हमीदाच्या दवाखान्यात गेली. मागनं ती बी गेली."

चाची गेल्याला सात महिने झाले होते. मी मातीला गेलतो. पण चांदीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझीच मला लाज वाटली.

"आन भाचा?"

"भाचा हाय की. पण ईदला रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ?"

मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. वाजिब न्हाई तर न्हाई, शरम कशाची?

"ते दुसऱ्याला सांगाया लई सोपं हाय," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या दारातून हिस्से गेले. आज ते माझ्या दारात येणार, गरिबाचा हिस्सा म्हणून. त्यापरीस प्रवासात असलेलं बरं."

मी त्यांना जवळजवळ ओढतच जीपमध्ये घातलं. वाटेत मी उगीच पाण्याचं, टँकरचं बोलत राहिलो. ते हूं हूं करत होते.

दिवस मावळायला गावात पोचलो. त्यांच्या ओट्यावर खातूनबी बसली होती, शेजारी फडक्यात बांधलेला डबा. मुन्शीजी दारापासून चार पावलांवर थांबले. कुर्बानीचे तीन हिस्से होतात, एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा, हे त्यांनीच गावाकडून घोकून घेतलेलं. डबा कितव्या हिश्श्याचा, हे विचारायची त्यांची हिंमत होईना.

खातूनबी उठली. डबा दोन्ही हातांनी पुढं केला.

"गरीबां का सुबूच बाट दी, भाईजान. ये रिश्तेदारां का हिस्सा है."

पण खोड ती खोड. मुन्शीजींनी विचारलं, "रिश्ता कौनसा?"

"हमीदा मेरी आपा थी ना."

या रिश्त्याला मुन्शीजींनी कुठलीच अट लावली नाही. त्यांनी डबा घेतला, पोटाशी धरला आणि कुलूप काढायला किल्ली माझ्या हातात दिली.