गूळ बैलांनी खाल्ला

आमच्या शेजारच्या मार्था सिस्टर विनोद शेवटापासून सांगतात. आधी शेवट सांगून मोकळ्या होतात, मग सावकाश सुरुवातीकडे येतात, आणि सुरुवात संपली की समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतात. अशा वेळी समोरच्यानं नेमकं काय करावं, हे मला चार वर्षांत कळलेलं नाही.

"तं मंग पाव्हणा उभ्यानंच जेवला," असं त्या दारातूनच म्हणतात. मग चपला काढतात, पिशवी खुंटीला अडकवतात आणि खुलासा करतात, "त्याचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं." झाला विनोद.

एकदा मी धीर करून म्हणालो, "बाई, शेवट शेवटी सांगत असतात."

"काहून?"

"ऐकणाऱ्याला उत्सुकता राहते."

"पेशंटले ताटकळत ठेवायचं नसते, मास्तर. रिपोर्ट आधी, बाकीचं मंग."

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत मराठी शिकवतो. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, हे पोरांच्या गळी उतरवण्याचा मला पगार मिळतो. संध्याकाळी घरी यावं तर भिंतीपलीकडे ही बाई.

सिस्टर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण त्यांची ड्युटी काही सुटली नाही. रविवारी चर्चची उपासना झाली की त्या आजाऱ्यांना भेटायला निघतात. कधी सौसर, कधी बोरगाव, कधी आणखी आत कुठे. मोटारसायकल माझी, पेट्रोल माझं, रविवारही माझाच. बरं, नाही म्हणायची सोय नाही. माझ्या दोन्ही मुलांना पहिली आंघोळ त्यांनीच घातली आहे.

आजाऱ्याकडे गेलं की क्रम ठरलेला. आधी प्रार्थना, मग विनोद, मग आमेन. आमेन आधी यायला हवं, असं पाद्रीसाहेबांनी एकदा सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, "आमेन म्हटलं का लोक उठून चहाले लागतात. हसायचं राहूनच जाते." पाद्रीसाहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. मला तेवढं शहाणपण नाही.

आणि आजारी माणूस हसल्याशिवाय त्या उठत नाहीत. लोक हुशार असतात, बाईंना लवकर वाटेला लावावं म्हणून खोटंच हसतात. तेही चालत नाही. विनोद सांगताना बाईंची बोटं आजाऱ्याच्या नाडीवर असतात. बोरगावला काविळीनं अंथरूण धरलेली एक म्हातारी चांगली खो खो हसली. मी किक मारायला बाहेर निघालो, तर आतून सिस्टरांचा आवाज आला, "बाई, हे पाव्हण्यासाठीचं हसू हाये. नाडी जागची हालली नाई. पुन्हा सांगते." आम्ही तिथे आणखी दीड तास होतो. शेवटी म्हातारी खरंच हसली, पण विनोदाला नाही. दारात हेल्मेट घालून उभा असलेल्या माझ्या चेहऱ्याला.

हे सगळं मी लोकांच्या घरचं म्हणून सोसत होतो. मग ते माझ्या घरात आलं.

बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि बजावलं, की यांना उठवा, चालवा. पडून राहिले तर पाय जातील, आणि पायांमागून माणूसही जाईल. बाबांनी वॉकरकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सत्तर वर्षं संत्र्याच्या बागेत उभा राहिलेला माणूस. त्याला हे चार पायांचं लोखंड घेऊन सावरगावच्या शेतात जायची लाज वाटली असावी. असावी म्हणतो, कारण ते काही बोललेच नाहीत. सहा आठवडे एक शब्द नाही. भाकरी अर्धी खायचे, मग चतकोर, मग नुसता वरणाचा घोट. मी चिडलो, हाता-पाया पडलो, मोबाइलवर गमतीचे व्हिडिओ लावून दिले. रात्री बायकोशी बोलताना मला रडू येई आणि सकाळी बाबांना पुन्हा मीच ओरडत असे.

सिस्टर रोज यायच्या. बाबांना कुशीवर वळवायच्या, पाठीला पावडर लावायच्या, गादीची सुरकुती काढायच्या. त्या हातांना मी काय नावं ठेवणार? आपला बाप कोणी असा अलगद वळवला की आपण मान खाली घालून बाजूला उभं राहतो. पण मग त्या मनगट धरायच्या आणि सुरू व्हायच्या.

"तं गूळ बैलायनं खाल्ला."

बाबांसाठी हा एकच विनोद. रोज तोच शेवट, सुरुवात मात्र दररोज नवी. पहिल्या दिवशी, एका माणसाला साखरेचा आजार होता, डॉक्टरांनी गोड बंद केलं, म्हणून गूळ बैलांनी खाल्ला. हा विनोद नव्हे, सल्ला आहे. दुसऱ्या दिवशी बैलांना जंत झाले होते आणि औषध गुळातून द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी गुळाला मुंग्या लागल्या. बाबा भिंतीकडेच बघत राहत. बाई थोडा वेळ वाट बघत, बाबांचं मनगट हळूच खाली ठेवत आणि म्हणत, "उद्या पाहू."

एक शनिवार त्यांनी वेगळं काही करून पाहिलं. बाबा दर शनिवारी जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीला जाणारे. बाई म्हणाल्या, "भाऊ, तिथं मारुती झोपून हाये म्हणून तुम्ही बी झोपून राहाल काय? तो झोपल्या झोपल्या लोकायची कामं करून राहिला. तुम्ही काय करून राहिले?" मला हसू आलं. बाबांना नाही.

मग गुड फ्रायडे आला. बाई दुपारी चर्चमधून थेट आमच्याकडे आल्या. पांढरं लुगडं, उपास, तोंड सुकलेलं. मला वाटलं, आज तरी सुटका आहे. त्यांनी बाबांना वळवलं, पावडर लावली, मनगट धरलं आणि म्हणाल्या, "तं गूळ बैलायनं खाल्ला. एक सरकारी डॉक्टर होता..."

माझा तोल गेला. "बाई, पुरे करा. आज तुमच्या देवाला सुळावर दिलं म्हणता, इथे माझा बाप दिवसेंदिवस हातचा जातोय, आणि तुम्हाला बैल सुचतात?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "येशूचे चेले त्या दिवशी दारं लावून बसले, मास्तर. त्यायले पुढचं माहीत नव्हतं. मले रविवार माहीत हाये, येशू कबरीतून उठला तो. मी रडली ना सकाळी, तीन तास रडली. पण रविवार माहीत असलेल्या बाईनं किती वेळ तोंड पाडून बसावं?" आणि पुन्हा बाबांकडे वळून म्हणाल्या, "तं त्या सरकारी डॉक्टरले गूळ भेट आला..."

"डॉक्टर नोहोता."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. आवाज भिंतीकडून आला होता.

"डॉक्टर नोहोता, साखरेचा पेशंट बी नोहोता," बाबा म्हणाले. घसा खरखरत होता. "डोकं खराब करून टाकलं बाईनं दीड महिना. दोन भाऊ होते. उठवून बसव रे मले, असं झोपून बैलबंडी हाकता येते काय?"

मी बसवलं. दुखलं असणार, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी हवेतच कासरा धरला.

"दोघं भाऊ सौसरच्या बाजारातून बंडीनं येऊन राहिले. मोठा झोपला, म्हणे लहाना हाकते. लहाना झोपला, म्हणे मोठा हाकते. बंडी बराबर घरी. बाप दारात उभा. म्हणे, शाबास, नदीले पूर असून बंडी आणली. ज्यानं हाकली त्याले गुळाची भेली. मोठा म्हणे मी हाकली, लहाना म्हणे मी. एकमेकायचे सदरे फाडले. बाप म्हणे, बरं, नदीले पाणी कुठलोग होतं ते सांगा." बाबांनी दोन भावांसारखं तोंड उघडं टाकून आमच्याकडे पाहिलं. "दोघं बी चूप. बापानं बैलायची पोटं पाह्यली, ओली. तं गूळ बैलायनं खाल्ला."

आणि बाबा हसले. पोट धरून, खोकत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मी हसलो, बायको हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"दोघं भाऊ होते?" त्यांनी विचारलं.

"तुमाले माहीत नाई?" बाबा म्हणाले. "माह्यं अपेंडिक्स काढलं तवा शमुवेलभाऊ वार्डात हेच सांगत होता. टाके दुखेपर्यंत हसलो आम्ही."

शमुवेल म्हणजे सिस्टरांचा नवरा. त्याच दवाखान्यात ड्रेसर होता, जखमा धुवायचा, पट्ट्या बांधायचा. त्याला जाऊन बारा वर्षं झाली.

"मी बाजूच्या वार्डात राहे," बाई म्हणाल्या. "हसण्याचा आवाज आला का धावत येत होती, टाके तुटतीन म्हणून रागवाले. दारात पोचेपर्यंत शेवटच राहिला राहे. तेवढाच कानावर पडे."

"घरी नाही विचारलं कधी?" मी म्हणालो.

"ते म्हणत, बस, पुरी गोष्ट सांगतो. मी म्हणत होती, आता नाई, ड्युटी हाये." त्यांनी पदर नीट केला. "ते गेल्यावर जुने पेशंट शोधत फिरली मी. हसल्याचं सगळ्यायले आठवते. कशाले हसलो ते कोणालेच आठवत नाई. मंग सुरुवात माह्यी मीच लावते, जशी सुचन तशी."

माझ्या डोळ्यांपुढून सगळे रविवार गेले. मला माझी लाज वाटली. चार वर्षं मी या बाईला मराठी शिकवत होतो.

बाबा उठले हे सांगायला हवं. वॉकर धरून अंगणापर्यंत गेले. रविवारी नाही, पुढच्या मंगळवारी, आणि याचं बाईंना थोडं वाईटच वाटलं.

पण त्या शुक्रवारी बाई कितीतरी वेळ उभ्याच होत्या. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून."

बाबांनी सांगितलं, या खेपेला बैलांची नावंही सांगितली. बाई तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होत्या. बाप बैलांची पोटं बघायला वाकला तेव्हा त्या हसायला लागल्या, आणि हसताहसताच रडायला लागल्या. बायकोनं पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

"एवढीच होती," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं लागली असती मले."