मधल्या पायरीची गोळी

शिंपीकाकांना भिंतीवरच्या फोटोतला बायकोचा चेहरा किंचित धूसर दिसू लागला. काच पुसपुसून दमले, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, काचेचा काय दोष? डोळे दाखवा."

नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून अभिनंदन केलं. "वयाने पडदा झिजतोय, पण आजार अजून पहिल्या पायरीवर आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मधल्या पायरीवर उपयोगी पडतात. त्याआधी देता येत नाहीत."

"मग मी काय करू?"

"पालेभाज्या खा. बिघडलं की या."

काकांनी जन्मात पालेभाजी खाल्ली नव्हती. बायको वाढायची, आणि तिची नजर चुकवून काका ती तिच्याच ताटात सारायचे. तिला शेवटपर्यंत चष्मा लागला नाही. आता सून समोर ठाण मांडून पालक वाढायची आणि काका मुकाट गिळायचे. फोटोतली बाई हसून हसून लोळली असती.

तरी फोटोतलं नाक गेलं, मग कपाळ गेलं. काका रुग्णालयात धावले.

"बिघडलंय हे कुणी ठरवलं?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"बायको दिसत नाही."

"पुष्कळांना दिसत नाही, काका. पायरी डॉक्टर ठरवतात. तारीख पुढच्या वर्षीची आहे."

"तोवर आणखी बिघडेल."

"मग गोळ्यांचा प्रश्नच मिटला."

तारीख आली. "दोन्ही डोळे शेवटच्या पायरीवर," डॉक्टरीणबाई हळहळल्या. "आता गोळ्या देऊन उपयोग नाही. मधल्या पायरीवर असताना का नाही आलात?"

"आलो होतो. खिडकीशी उभा होतो."

"खिडकीशी पायरी मोजत नाहीत, काका."

बाहेर पडताना सुनेने दारावरचा नवा फलक वाचून दाखवला: 'तपासणीत मधल्या पायरीवर आढळलेला एकही रुग्ण गोळ्यांविना परत गेलेला नाही.' काकांना ते पटलं. आढळायला तिथे कुणी पोचतच नव्हतं.

घरी फोटोकडे सरळ पाहिलं की मधोमध काहीच नाही. मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहिलं, की ती दिसते. भाजी सारताना काका असेच पाहायचे. आता तेवढंच पाहणं उरलंय, आणि भाजी सारायला तिचं ताट नाही.

तुम्हाला ही गोष्ट नीट वाचता आली असेल, तर रुग्णालयात जाऊ नका. तुम्ही अजून पात्र नाही. पालेभाजी खा, आणि बिघडलं की या.