आत्याची छत्री आणि दोनशे चौदा शक्ती

ज्याला सगळंच करता येतं, त्याच्यासोबत रविवारची सकाळ काढणं फार जड जातं. हा सिद्धांत खरं तर थोर तत्त्ववेत्त्यांनी मांडायचा, पण त्यांच्यापैकी कुणीही वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या पात्रधारी मंडळाचा सभासद नव्हता. त्यामुळे तो सिद्ध करायचं काम मंडळाच्या सूत्रधारांवर येऊन पडलं आणि त्यांनी ते अकरा वर्षं नेटानं केलं.

मंडळाचा खेळ सोपा आहे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हायचं आणि आपलं पात्र आता काय करतंय ते तोंडाने सांगायचं. त्यावर पुढे काय घडलं, ते सूत्रधार सांगतात. वेशभूषा नाही, रंगरंगोटी नाही. (पहिल्या वर्षी एकाने मुखवटा आणला होता. त्यातून चहा पिता येईना, म्हणून ठराव करून मुखवटे बंद करण्यात आले.) सूत्रधार सोमवार ते शनिवार शहरातल्या लिफ्ट तपासायचे आणि रविवारी दहा ते एक या वेळात विश्व चालवायचे.

नवं पात्र दाखल करायचं तर नमुना क्रमांक दोन भरावा लागे. त्यात नाव, वय आणि स्वभाव यांना मिळून एक ओळ आणि शक्तींसाठी दीड पान. प्रत्येक नव्या शक्तीला बाकीच्या सगळ्या सभासदांची ना-हरकत लागायची. शक्ती आटोक्यात राहाव्यात म्हणून केलेली ही तरतूद अत्यंत दूरदर्शी होती. पण सभासद एकमेकांना धरून असल्यामुळे "तू माझ्या अदृश्य होण्याला आडवा येऊ नकोस, मी तुझ्या अमर होण्याला येत नाही," या चालीवर सात जणांकडे मिळून दोनशे चौदा शक्ती जमल्या. शिंप्याचं पात्र उडायचं, पाण्याखाली श्वास घ्यायचं आणि समोरच्याच्या मनातलं ओळखायचं. (खुद्द शिंप्याला गिऱ्हाइकाने तीनदा तोंडाने सांगूनही बाही आखूड करायची की सैल, हे कळत नसे.)

परिणाम व्हायचा तोच झाला. पहिल्या वर्षी एक राक्षस तीन रविवार पुरायचा. सहाव्या वर्षी तो तासाभरात आटपू लागला. अकराव्या वर्षी राक्षसाचं सरासरी आयुष्य चार मिनिटांवर आलं, आणि त्यातलं एक मिनिट त्याच्या वर्णनात जाई. सूत्रधार आठवडाभर खपून राक्षस तयार करायचे. तो दारातून आत आला रे आला, की बँकेचा पहारेकरी त्याला अस्तित्वातून पुसून टाकायचा. मग डॉक्टरीणबाई (दातांच्या) काळ मागे फिरवून त्याला परत आणायच्या, कारण त्यांची पाळी राहिलेली असायची. त्यांची झाली की शिंपी. त्यानंतर चहा. सव्वादहाला सगळे मोकळे.

सभासद गळू लागले. वाचनालयाचा नियम असा की सलग तीन रविवार सहापेक्षा कमी माणसं आली, तर खोली दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. चित्रकलेचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी तर जिन्यात उभं राहून माणसं मोजायला सुरुवातही केली होती. पहिल्या रविवारी पाच भरली. दुसऱ्या रविवारीही पाचच. त्यातही ग्रंथपाल धरलेले होते, आणि खोलीची किल्ली त्यांच्याकडे असल्याने त्यांना यावंच लागे.

एका खोलीसाठी माणसाने एवढं काय कासावीस व्हायचं, असं कुणी म्हणेल. तर आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांपैकी हे तीनच तास असे होते, की सूत्रधारांनी तोंड उघडलं तर माणसं त्यांच्याकडे बघायची. घरी बायको आणि मुलगी दोघी स्वभावाने चांगल्या. पण यांनी लिफ्टचा विषय काढला, की दुसरं वाक्य पंख्याला सांगावं लागे. लिफ्टमधली माणसं तर एकमेकांशीही बोलत नाहीत, सगळी मजल्याच्या आकड्याकडे बघतात. खोली गेली तर आपलं ऐकणारं जगात कुणी उरणार नाही, ही त्यांना धास्ती होती.

तिसऱ्या रविवारी त्यांनी आत्याला आणलं. आत्याच्या घरी रंगकाम चालू होतं आणि रंगाच्या वासाने तिचं डोकं दुखायचं, हे अधिकृत कारण. अनधिकृत कारण म्हणजे आत्या धरून सहा होत होते. चाळीस वर्षं टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे बसून ती निवृत्त झाली होती, त्यामुळे समोर नमुना क्रमांक दोन आला तेव्हा तिने आधी मागची बाजू वाचली.

"आत्या, शक्ती कोणती लिहू?" सूत्रधारांनी विचारलं.

"कसली शक्ती? जिना चढताना दोनदा बसले मी."

"तुझी नाही गं, तुझ्या पात्राची. उडणं, अदृश्य होणं, असं काहीतरी लिहावं लागतं."

"मला पडल्या पडल्या झोप लागते. ते लिही."

यावर अकरा मिनिटं चर्चा झाली. पन्नाशीच्या वर इतकी अचाट शक्ती ऐकिवात नाही आणि अशी शक्ती दिल्यास बाकीच्या पात्रांवर अन्याय होईल, असं मत डॉक्टरीणबाईंनी नोंदवलं. शिंप्याने उघड हेवा व्यक्त केला.

"मग खोड ते," आत्या म्हणाली. "काही नाही, असं लिही."

मंडळाच्या इतिहासात प्रथमच दीड पान कोरं राहिलं.

"बरं, तुझं पात्र काय करतंय?"

"छत्री आणायला चाललंय. दुरुस्तीला टाकलीय. दुकान एकला बंद होतं."

सूत्रधारांच्या वहीत त्या दिवशीचा राक्षस तयार होता, तीन तोंडांचा, त्यातलं एक वास्तवाला चावणारं. पण त्याची आणि छत्रीची गाठ कशी घालायची ते त्यांना सुचेना. "दुकान कितव्या मजल्यावर?" त्यांनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"दुसऱ्या."

"लिफ्ट बंद आहे," सूत्रधार म्हणाले. अकरा वर्षांत स्वतःच्या माहितीतली एक गोष्ट त्यांनी प्रथमच त्या विश्वात घातली होती.

आत्याने कपाळाला हात लावला. तिच्या पात्राचा डावा गुडघा कामातून गेलेला होता.

"सोपं आहे," पहारेकरी म्हणाला. "मी भिंतीतून आत जातो आणि छत्री घेऊन येतो."

"जा की. पण पावतीशिवाय तो द्यायचा नाही. पावती दुसऱ्या पर्समध्ये राहिलीय."

"मी उडत जाऊन घरून पर्स आणतो," शिंपी म्हणाला.

"किल्ली शेजारणीकडे आहे. ती अनोळखी माणसाला देत नाही. खिडकीतून आलेल्याला तर नाहीच नाही."

"मी काळच मागे नेते ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही घरून निघताना पर्स बदलून घ्या."

"बघ बाई. छत्री कालच दुरुस्त झालीय. हात जड पडला आणि जास्त मागे गेलीस, तर मोडकीच हातात यायची."

दोनशे चौदा शक्ती एका पावतीपुढे हात टेकून बसल्या. शेवटी आत्याचं पात्र शेजारणीकडे गेलं, तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकली (एकोणीस मिनिटं, कारण मध्येच उठलं असतं तर किल्ली मिळाली नसती), पावती घेतली आणि जिना चढू लागलं. एकला दहा मिनिटं कमी असताना ते पहिल्या मजल्याच्या वळणावर टेकलं, तेव्हा आजवर चार वेळा सूर्य विझवलेला पहारेकरी नखं खात होता. ग्रंथपालांनी चहाला नको म्हटलं. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं असताना आत्याने त्याच्याखालून पावती सरकवली.

"मिळाली का छत्री?" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच.

"मिळाली," आत्या म्हणाली. "पण माझी नाही."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. खोलीतून कुणी हलेना.

पुढचा इतिहास मंडळाच्या वार्षिक अहवालात आहेच. शक्ती-समर्पणाचा अर्ज (नमुना क्रमांक नऊ) छापून घ्यावा लागला. तीन आठवड्यांत सर्व दोनशे चौदा शक्ती जमा झाल्या. दोन शक्ती दुबार निघाल्या आणि एक, मनातलं ओळखण्याची, मुळात चालूच नव्हती असं शिंप्याने कबूल केलं. हजेरी सहावरून एकतीसवर गेली. चित्रकलेच्या बाईही दाखल झाल्या, जिन्यात उभं राहून माणसं मोजणाऱ्या बाईचं पात्र घेऊन, आणि ते त्यांनी फार समजून केलं. छत्रीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण जिच्याकडे आत्याची छत्री गेली ती बाई गावाला गेली आहे.

मात्र कोणतीही सुधारणा हाती लागली, की माणूस ती शेवटापर्यंत नेतोच. शक्ती गेल्या आणि उणिवांची चढाओढ लागली. एकाचं पात्र कुणालाच नाही म्हणू शकत नसे. दुसऱ्याचं त्याहून वरचढ, ते स्वतःच्या बहिणीच्या लग्नातही चुकीच्या फोटोत उभं राही. पहारेकऱ्याच्या पात्रात एक्केचाळीस उणिवा होत्या, त्यामुळे त्याला पलंगावरून उठताच येईना. पहारेकरी तीन तास एक शब्द न बोलता बसून राहिला आणि वर्षातला सर्वोत्कृष्ट अभिनय म्हणून त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. (नंतर कळलं, त्याला झोप लागली होती. प्रशस्तिपत्र परत घेतलं नाही.)

चोरून कुणी शक्ती बाळगू नये म्हणून अतिमानवी दक्षता उपसमिती नेमण्यात आली. तिचे काही निर्णय मार्गदर्शक ठरले. डॉक्टरीणबाईंच्या पात्राला गाडी लावायला कायम दारासमोर जागा मिळते: अतिमानवी. एका पात्राला नेमक्या हव्या त्या कागदाची झेरॉक्स आधीच पिशवीत सापडते: अतिमानवी, परंतु पहिलाच गुन्हा म्हणून समज देऊन सोडलं. एका पात्राची मुलं पहिल्या हाकेला उठतात: अतिमानवी, एकमताने, चर्चेविना.

आणि मग एका रविवारी ग्रंथपाल उभे राहिले. ते म्हणाले की पुढे काय घडणार हे आधी माहीत असणं, ही सगळ्यात मोठी शक्ती आहे, आणि ती या खोलीत अजून एका माणसाकडे आहे.

तीस माना सूत्रधारांकडे वळल्या. मुद्दा बिनतोड होता. नमुना क्रमांक नऊ त्यांनी स्वतःच कपाटातून काढून भरला. त्यांची सही थोडी वाकडी आली. यापुढे प्रत्येकाने आपापलं काय घडलं ते आपणच बघावं, एरवीही तसंच चालतं, असा ठराव झाला. तो आठवडा सूत्रधारांना अन्न गोड लागलं नाही. ज्या खोलीसाठी जिवाचं रान केलं ती वाचली होती, फक्त तिच्यात त्यांना आता काही काम उरलं नव्हतं.

रविवारी त्यांची पाळी आली. दुसरं काही न सुचल्याने त्यांनी लिफ्ट-निरीक्षकाचं पात्र घेतलं.

"माझं पात्र गुरुवारी एका आठ मजली इमारतीत गेलं," ते म्हणाले. "आणि चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकलं. चाळीस मिनिटं. समोर भिंतीवर ही लिफ्ट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र होतं. खाली माझ्याच पात्राची सही."

कुणीतरी हसलं, पण प्रेमाने.

"मग ते घरी आलं. घरी येऊन बायकोला सांगायला लागलं, तर तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, टीव्ही बंद केला, समोर बसली आणि शेवटपर्यंत सगळं..."

"हरकत!" पहारेकरी जागा झाला होता. "अतिमानवी!"

मतदान झालं. बाजूने तीस, तटस्थ एक. वाक्य खोडण्यात आलं.

"बरोबर आहे," सूत्रधार म्हणाले. "तसं काही झालं नाही. ती म्हणाली, आलाच आहात तर कचऱ्याची पिशवी खाली ठेवून या. मी ठेवून आलो."

ते 'मी' म्हणाले, हे कुणी निदर्शनास आणून दिलं नाही.

"मग?" आत्या म्हणाली. "त्या चाळीस मिनिटांत काय केलंस रे तू?"

सूत्रधार एक तास पाच मिनिटं बोलले. कशी आधी लाज वाटली, मग घाम फुटला, मग स्वतःची सही किती बेफिकीर दिसते ते कळलं, आणि शेवटी दार उघडणाऱ्या कामगाराला आपण कोण हे सांगायचं धाडस कसं झालं नाही. समोरच्या तीस माणसांपैकी एकानेही मजल्याच्या आकड्याकडे बघावं तसं इकडेतिकडे बघितलं नाही. इतका आनंद त्यांना एकाही राक्षसाने दिला नव्हता.

त्या दिवशी ते जमिनीपासून दोन बोटं वरून चालत घरी आले. (याबाबत उपसमितीकडे तक्रार आलेली नाही.) बायको आणि मुलगी जेवायच्या थांबल्या होत्या. ते बसताच बायको काहीतरी सांगू लागली. बरंच मोठं असावं, कारण मध्ये मुलीनेही दोनदा भर घातली, एकदा तर तिचा आवाजही कापला. बायको नेमकी काय म्हणाली ते इथे देता येत नाही. ही गोष्ट सूत्रधारांच्या बाजूने सांगितलेली आहे, आणि सूत्रधार त्या वेळी पुढच्या रविवारी काय सांगायचं याचा विचार करत होते.

"अहो, ऐकलंत ना?" बायकोने विचारलं.

"ऐकलं ना," ते म्हणाले आणि पोळी मोडली.

वाचकांनी यावर सूत्रधारांना खुशाल नावं ठेवावीत. फक्त त्याआधी एकदा मान वर करून बघावं. तुम्ही हे वाचत असताना कुणीतरी तुमच्याजवळ येऊन काहीतरी सांगून गेलं आहे, आणि तुम्ही "हो, हो" म्हणाला आहात. कशाला हो म्हणालात, तेवढं आता जाऊन विचारून घ्या.