वहिनींच्या खांद्याएवढी भिंत

वास्तुशांतीला लोक पेढे आणतात, भांडी आणतात. आमचे शेजारी गंगाधरअण्णा टेप आणायचे. आधी कंपाउंडची भिंत मोजायची, मग मागचं बाथरूम, मग पाण्याचा हौद, आणि मगच पंगतीला बसायचं. तिथंही यजमानाला एकच प्रश्न, "मागं जागा सोडली का?"

बांधकाम खात्यातून रिटायर झालेला हा वैजापूरचा माणूस. खातं सुटलं, टेप काही सुटली नाही. आमच्या कॉलनीत कोणी हद्दीला खेटून गाडीसाठी पत्रे ठोकले, की अण्णा हजर. पाठीमागे चुगली मात्र कधी नाही, जे काय ते तोंडावर. एका वकिलांनी नातवंडांना डुंबायला बागेत मोठा हौद बांधला. अण्णांनी मोजला.

"वकीलसाब, हौद लई झकास हाय. पर हद्दीला चिकटलाय. जरा सरकवा."

"हौद सरकवू कसा?"

"रिकामा करून."

वकील चरफडले, त्यांनी अबोला धरला आणि शेवटी हौद पाडून आत बांधला. त्यात पहिली डुबकी मारायला त्यांनी अण्णांनाच बोलावलं. मला हा माणूस भलताच आवडायचा.

मग कॉलनीत चोऱ्या झाल्या आणि सोसायटीचे बांधकामाचे नियम बदलायचं ठरलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, दोन घरांमधल्या भिंती डोक्याच्या वर न्या आणि त्यावर काचा रोवा. सभेत अण्णा उठले.

"रस्त्याकडची भिंत पाहिजे तेवढी चढवा. मधली नाय. मधली शेजारणीच्या खांद्याच्या वर जायची नाय."

"कुठल्या शेजारणीच्या?" वकील म्हणाले. "नियमात माप लागतं, अण्णा."

"आमच्या वहिनींच्या."

वहिनी म्हणजे माझी आई. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"आमची मंडळी हौदापाशी चक्कर येऊन पडली, तवा मी हापिसात. वहिनींनी भिंतीवरून बघितलं. धुण्याच्या दगडावर पाय देऊन, साडी खोचून भिंत वलांडली अन् तिला दवाखान्यात नेलं. म्हणून बाई नातवाचं बारसं करून गेली. भिंत उंच असती तर?"

मग वकिलांनीच आईला पुढं बोलावलं. अण्णांनी जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत टेप धरली. "चपला काढू का?" आईनं लाजत विचारलं. "काढा. नियमाचं काम हाय." नियम एकमतानं मंजूर झाला.

अण्णांचा मुलगा पुण्याला असतो. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. रोज सकाळी भिंतीपाशी येऊन मोठ्यानं खाकरतात. आई आतून विचारते, "उठलात का अण्णा?" "उठलो वहिनी," म्हणतात आणि आत जातात. आईला ते रोज ऐकू आलं पाहिजे, एवढ्यासाठीच त्यांची सभेतली सगळी धडपड होती, असं मला वाटायचं.

परवा आईला ताप होता, ती झोपून राहिली. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येतो तर अण्णा भिंतीवर. स्टूल लावून चढले होते, एक पाय त्यांच्या अंगणात, एक आमच्या. पुढंही येता येईना आणि मागंही जाता येईना. मी धावत जाऊन त्यांना उतरवायला हात दिला.

"माझं ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "आधी वहिनींना बघून ये."