ड्रॅगन आहे, असे समजावे

जी गोष्ट कधी घडलीच नाही, ती निदान बिनचूक घडली पाहिजे, याबद्दल सुजाण माणसांत दुमत नसावे. आमचे सरकारी नभोवाणी केंद्र याच तत्त्वावर (आणि एका गळक्या छताखाली) उभे आहे.

म्हणूनच एका निवृत्त शिक्षिकेची ड्रॅगनवरची कादंबरी श्रुतिकेसाठी आली, तेव्हा ती लगेच वाचण्याचा उतावळेपणा कोणी केला नाही. आधी अद्भुत-तथ्य पडताळणी समिती नेमली. समितीने राजाचा 'संबंधित अधिकारी' केला, चेटकिणीला निवृत्तीचे वय लावले आणि उडत्या गालिच्याला जरा खालून उडायला सांगितले.

घोडे अडले ते ड्रॅगनपाशी. कार्यक्रमात प्राणी असला की पशुवैद्याचा दाखला लागतो. पशुवैद्य सज्जन. म्हणाला, "देतो की दाखला. जनावर घेऊन या."

इकडे ध्वनिमुद्रकाने गर्जना तयारही करून ठेवली होती. सासरे दुपारी जेवून आडवे झाले की उशाशी मायक्रोफोन ठेवायचा, एवढेच. बायको उखडली. ("माझे बाबा जनावर वाटले का तुम्हाला?") पण सासरे स्वतःचे घोरणे ऐकून हरखून गेले. जन्मात पहिल्यांदाच सरकारला त्यांची गरज पडली होती. त्यांनी आळीभर सांगून ठेवले आणि नवा सदरा शिवायला टाकला.

दाखला काही आला नाही. गर्जना कापली गेली.

लेखिकाबाई केंद्रसंचालकांपुढे रडकुंडीला आल्या. "अहो, ड्रॅगनच नाही, तर राजकन्या पळते कशाला?"

"सोय केलीय, बाई," संचालक म्हणाले.

सोय अशी की, ऐन प्रसंगी निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "या ठिकाणी ड्रॅगन आहे, असे श्रोत्यांनी समजावे." आणि मग नुसती शांतता.

परिणाम भलताच झाला. घरोघरी पोरे पलंगाखाली शिरली. एका हवालदाराने आतून कडी लावून घेतली. सासरे नव्या सदऱ्यात रेडिओला कान लावून बसले होते. शांतता संपल्यावर ते छाती काढून म्हणाले, "ऐकलंत? तो मी!" मुलीने डोळे पुसले, 'नाही' असे कोणीच म्हटले नाही.

पाहणीत चौऱ्याण्णव टक्के श्रोत्यांना गर्जना स्वच्छ ऐकू आल्याचे आढळले. (उरलेल्यांनी कान तपासून घ्यावेत, अशी समितीची शिफारस आहे.)

संचालकांना अर्थातच बढती मिळाली आणि ते नगरपालिकेत गेले. तिथे त्यांनी आल्या आल्या रस्त्यांवरचे दिवे काढून नुसती पाटी लावली. तक्रार एकही नाही. काल तुम्हीही त्याच उजेडात चाचपडत घरी आलात, आणि वर शेजाऱ्याला म्हणालात, "हल्ली बरं दिसतं, नाही?"