चांगुणाबाईंची ताकदीची नानकटाई

चांगुणाबाईंच्या हाती पडलं की कुठलंही पीठ मुकाट्यानं वागतं, असं सारं भिंगार म्हणायचं. निदान चांगुणाबाई तरी तसं सांगायच्या. त्यामुळे डब्यातली ती पिवळसर पावडर पाहून त्या मुळीच बिचकल्या नाहीत.

पावडर आणावी लागली ती गोरक्षपायी. त्यांचा हा एकुलता एक मुलगा उंचीला ताडासारखा आणि रुंदीला उदबत्तीसारखा. एकाहत्तर साली त्याला छावणीतल्या लष्करी डेपोत सामान सांभाळायची नोकरी मिळत होती. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि वजनकाट्यावर घोडं अडलं.

"दोन किलो कमी आहेस," डॉक्टरसाहेब म्हणाले. "दिवाळी झाली की पुन्हा ये. वजन भरलं तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला."

त्यांनीच ही प्रोटीनची पावडर लिहून दिली. दुधातून घ्यायची. पहिलाच पेला गोरक्षनं नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"आई, ह्याला गोठ्याचा वास येतोय."

"गोठ्यातल्या म्हशी बघ कशा हायेत, आन् तू बघ."

"पन मला न्हाई जात."

चांगुणाबाईंनी क्षणभर विचार केला. पावडर म्हणजे शेवटी पीठच. मग ती पिठासारखीच वापरावी.

दिवाळीच्या तोंडावर भिंगारात बायका मैदा, डालडा आणि पिठीसाखर घेऊन बेकरीसमोर बसत. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. तो पीठ मळायचा, गोळे पत्र्यावर मांडायचा आणि नानकटाई भाजून द्यायचा. चांगुणाबाईंनी मैदा घरीच ठेवला आणि मैद्याच्या जागी सगळी पावडर नेली.

बेकरीवाल्या चाचांनी ती चिमटीत धरून चोळली. "ताई, हा मैदा नाय."

"मैद्याचा बाप हाय. भाजा."

"मूठभर मैदा तरी टाकू द्या. नायतर खुसखुशीत व्हायची नाय."

"मैदा घातला तर ताकद कमी व्हईल. तुमी भाजा."

चाचांनी भाजली. पत्रा बाहेर आला तेव्हा त्यावर नदीतल्या गोट्यांसारखे तपकिरी, तुकतुकीत गोळे बसले होते. चाचांनी एकावर उलथनं मारलं. टण्ण आवाज झाला. रांगेतल्या बायका माना उंचावून पाहू लागल्या.

"ताई, जरा बेतानं काढा," चाचा म्हणाले. "पत्रा माझा हाय."

शेजारच्या रतनबाईंनी एक गोळा तळहातावर तोलला. "चांगुणे, ही खायची का वाऱ्यानं दार आपटू नये म्हनून लावायची?"

"ताकदीची वस्तू मऊ आसती व्हय गं?"

गोरक्ष मुळात गुणी मुलगा, शिवाय नोकरीचा प्रश्न. त्यानं नानकटाई चहात बुडवली. चहा निवला, वर साय धरली, नानकटाई होती तशीच. मग त्यानं ती सरळ गालात ठेवली. सकाळी ठेवलेली दुपारी कुठं विरघळायची. भाकरीच्या वेळी तोंडात जागा नसायची आणि संध्याकाळी जागा झाली की जबडा हलत नसायचा. ताटातली भाकरी तशीच परत जायची.

चांगुणाबाई मात्र खूश. "लेकाचा गाल बघा कसा भरलाय," त्या रतनबाईंना म्हणाल्या.

"येकच कसा भरलाय?"

"दुसरा भरंल की. दम धर जरा."

दिवाळी संपली. मायलेक छावणीत गेले. चांगुणाबाई डबा घेऊन दाराशी थांबल्या. गोरक्ष काट्यावर चढला. डॉक्टरसाहेबांनी काट्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"अरे, तू आणखी एक किलो उतरलास. खात काय होतास?"

ते ऐकून चांगुणाबाई थेट आत शिरल्या. त्यांनी साहेबांपुढं डबा उघडला. "तुमचीच पावडर हाय साहेब. येक कन वाया घालवला न्हाई. खाऊन बघा."

साहेब सभ्य माणूस. त्यांनी एक नानकटाई उचलून दाढेखाली धरली आणि दाबली. साहेबांचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले, एक हात टेबलावर आपटू लागला.

"साहेब, पानी आनू?" दारावरच्या शिपायानं विचारलं.

साहेबांनी मान हलवली. पाणी आलं. बऱ्याच वेळानं जबडा सुटला. साहेबांनी गोरक्षकडे नीट निरखून पाहिलं.

"तू हे रोज खाल्लंस?"

"व्हय साहेब."

"आ कर. एकही दात पडला नाही? पोट दुखलं नाही?"

"न्हाई साहेब."

साहेबांनी पायानंच वजनकाटा बाजूला सारला. "वजन वाढेल पुढे. ह्याला उद्यापासून कामावर घ्या, असं मी लिहून देतो. फक्त एक करा बाई. दुपारचं जेवण तो आमच्या लष्करी लंगरात जेवेल."

घरी पोचेपर्यंत चांगुणाबाईंनी निम्म्या भिंगाराला सांगितलं होतं की नानकटाईनं पोराला नोकरी लावली. चुलीपुढं बसून त्यांनी कौतुकानं विचारलं, "आज काय करू रे? तू म्हनशील ते."

"भात," गोरक्ष गाल धरून म्हणाला. "आन् पातळच कर. चावायला नको."

चांगुणाबाईंनी तांदूळ घेतले, पण त्यांचं मन जरा खट्टूच झालं. एवढा ताकदीचा मुलगा, आणि मागून मागितलं काय तर आजाऱ्याचं जेवण.