निवृत्तीआण्णांची होडी

दुष्काळातला माणूस म्हणलं की तुम्ही रुमाल काढून बसला असाल. ठेवा तो खिशात. आमचे निवृत्तीआण्णा दुष्काळात व्हिडिओ गेम खेळायचे.

भूमजवळच्या आमच्या गावात ते दूध सोसायटीत माप घालायला होते. अंगानं पैलवान, मिशा गालभर. त्यांच्या भाच्यानं दुबईवरनं एक खेळ आणून दिलेला, साबणाच्या वडीएवढा. वरनं छत्र्या धरून माणसं उतरतात, खाली पाण्यात होडी. बटण दाबून होडी इकडंतिकडं न्यायची आणि माणूस झेलायचा. सुटला की पाण्यात. तीन बुडाले की खेळ खलास.

पण आण्णा असं कोरडं खेळत नव्हते. संध्याकाळचं दूध गोळा झालं की टेम्पो येईपर्यंत ते कॅनवर बसायचे, आम्ही भोवती. वरनं येणाऱ्या प्रत्येकाला ते गावातलं नाव द्यायचे. "आल्या, गंगूकाकी आल्या. पदर सांभाळा. झेलल्या. आता तात्या. ह्यो जड हाय, होडी हालतीया." गंगूकाकी शेजारीच रिकामी किटली घेऊन उभ्या असायच्या. झेलल्याशिवाय घरी जात नसत.

एकदा सोसायटीचे चेरमन बुडाले. दुसऱ्या दिवशी ते कागदात पेढे घेऊन आले आणि म्हणाले, सहज आलो होतो. त्या दिवशी आण्णांनी त्यांना असं अलगद झेललं, की पाणी हललं नाही.

मास्तरांनी विचारलं, ह्यात एवढं आवडण्यासारखं काय आहे. आण्णा म्हणाले, "तिघं बुडाली तरी बटन दाबलं की समदी परत आभाळात. अशी सोय दुसरीकडं कुठं हाय? आन् औंदा आभाळातनं पानी न्हाय, निदान मानसं तरी पडत्यात."

मी गावातल्या सगळ्यांच्या नकला करायचो. आण्णांची तर फर्मास. ओठ पुढं काढायचे, होडी जाईल तिकडं मान वाकडी करायची. हमखास हशा येणारी जागा मात्र सुरुवातीचीच. पहिला माणूस लई सावकाश येतो, लहान पोरानंही झेलावा. आण्णा होडी पार कडेला नेऊन ठेवायचे, म्हणायचे, "ह्यो म्या," आणि त्याला डुबुक करून सोडून द्यायचे. रोज. मग खाकरून नीट बसायचे आणि खरा खेळ सुरू.

एकदा मी म्हणलं, आण्णा, तुम्ही स्वतःलाच कशापायी बुडवता?

"कुनीतरी बुडनारच की," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "समद्यांच्या घरी वाट बघनारं मानूस हाय. माज्या दाराला कुलूप हाय."

आण्णा सोसायटीच्याच खोलीत राहायचे, स्वतःची भाकरी स्वतः थापायचे. आम्हाला ते इतकं रोजचं होतं, की त्याची नक्कल करावी असंसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

पुढं एकदा कॅनच्या झाकणात त्यांचा अंगठा चेमटला. चिंधी बांधलेली, बटण दाबता येईना, म्हणून खेळ माझ्या हातात आला. मी त्यांचाच आवाज लावला. पहिला माणूस निघाला. "ह्यो म्या," मी म्हणलं. हशा आला. आण्णाही हसले. होडी कडेला उभी होती. का कोण जाणे, माझा अंगठा हलला, होडी सरकली आणि मी आण्णांना झेललं.

आण्णा पडद्याकडं बघत राहिले. मी आण्णांकडं बघत राहिलो. आणि तेवढ्यात वरनं आलेल्या गंगूकाकी गेल्या पाण्यात.

मग आण्णांनी मला सगळ्यांसमोर धारेवर धरलं.

"मला झेलायला कुनी सांगितलं रं तुला? ध्यान कुठं हाय तुजं? काकी, तुमाला पवता येतं का? न्हाय ना? बघ, बुडवलीस का न्हाय म्हातारी. नक्कल करायची तर धड करावी मानसानं. आन हिकडं तो खेळ." मी पुढं केला. त्यांनी घेतला नाही. चिंधीच्या अंगठ्यानं उगाच मिशी सारखी केली. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशीच. दाब बटन, काकीला वर काढ. आन् ह्या बारीला म्या आलो, तर..."

खाकरून ते कॅनवर नीट बसले.

"तर बघ तुजं तू. गाढवा."